मुलांचें अपुरें वाक्य

मुलांच्या लेखनाविषयीं बोलणें निघालें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचें लक्ष प्रथम वेलांटी-उकाराकडे जातें. 'पाणी' ह्या शब्दांतील णी मुलानें ऱ्हस्व काढिला कीं घरांतील चार माणसांच्या कपाळास एकदम आठ्या पडतात. मात्र त्याच मुलानें त्याच पानावर "काल आम्ही बाजारांत गेलों तेव्हां जो माणूस" एवढें लिहून पुढें खुशाल दुसरी गोष्ट सुरू केली, तर तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. शुद्धलेखन ह्या शब्दाचा अर्थच आपण इतका आखडून टाकिला आहे कीं अक्षरें शुद्ध असलीं म्हणजे लेखन शुद्ध झालें, असें आपण धरून चालतों. वास्तविक पाहतां शब्द चुकला तर वाचणारा तो मनांतल्या मनांत नीट करून घेतो. 'पाणि' लिहिलें म्हणून कोणी तहानेला राहत नाहीं. वाक्य अपुरें राहिलें तर मात्र त्यानें काय करावयाचें? जें लिहिलेंच नाहीं तें तो आणणार कोठून?

आमचा शुद्धलेखनाशीं दावा आहे असें मात्र कोणी समजूं नये. ह्या लेखांतील अनुस्वारांचा सुकाळ पाहून वाचकांनीं ओळखलेंच असेल कीं आम्ही जुन्या वळणाचे, आणि १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वारांस निरोप दिला तरी आमच्या हातानें तो अजून दिलेला नाहीं. मुलांनीं नवेंच वळण गिरवावें. त्यांत त्यांचा तोटा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं वेलांटीची चौकशी जितक्या दक्षतेनें होते तितकी वाक्याचीहि व्हावी.

पूर्ण अर्थ असलेला शब्दसमूह तें वाक्य, अशा मतलबाची व्याख्या मुलांस पाठ असते. ती खोटी नाहीं. पण नऊ वर्षांच्या मुलास तिचा उपयोग जवळजवळ शून्य. अर्थ पूर्ण झाला कीं नाहीं हें त्यानें ओळखावें कशावरून? त्याच्या मनांत तर तो लिहिण्यापूर्वींच पूर्ण असतो. बाजार त्यानें पाहिला आहे, तो माणूस पाहिला आहे, त्याच्या खांद्यावर बसलेलें माकडहि पाहिलें आहे. कागदावर "जो माणूस" एवढीं दोन पदें उमटलीं कीं उरलेलें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें आपोआप उभें राहतें, व आपण सर्व कांहीं लिहिलें अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. अपुरेपणा दिसतो तो वाचणारास, लिहिणारास नव्हे. मुलास वाक्य शिकवावयाचें म्हणजे त्याच्या कानांत ह्या वाचणाराचा प्रश्न घालावयाचा; बाकीचें व्याकरण त्या मागून येणारें आहे.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं ही गोष्ट फार मार्मिकपणें हेरिली होती. न्याय आणि मीमांसा ह्या शास्त्रांत वाक्याचा अर्थ कळण्यास ज्या अटी सांगितल्या आहेत, त्यांत आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि हीं तीन नांवें प्रसिद्ध आहेत. नांवें भारदस्त असलीं तरी वस्तु स्वयंपाकघरांतली आहे. "आईनें भाकरी" एवढें म्हणून आपण गप्प बसलों तर ऐकणारा आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. भाजली? वाढली? करपविली? ही त्याची जी टकमक, तीच आकांक्षा. "त्यानें दगड पिऊन तहान भागविली" ह्यांत आकांक्षा भागते, पण पदें एकमेकांस शोभत नाहींत, म्हणून योग्यता नाहीं. आणि "आईनें" हें पद सकाळीं उच्चारून "भाकरी भाजली" हीं पदें दुपारीं उच्चारलीं तर मध्यें सन्निधि तुटला. मुलांच्या लेखनांत हें तिसरें संकट दुपारपर्यंत थांबत नाहीं. "आईनें" आणि "भाजली" ह्यांच्यामध्यें मामाचें येणें, कुत्र्याचें भुंकणें व क्रिकेटचा सामना इतकें सगळें शिरतें, आणि शेवटीं आई बिचारी क्रियापदावांचून ताटकळत राहते.

वैयाकरणांची खूण निराळी आहे. कात्यायनानें आपल्या वार्तिकांत एक क्रियापद ही वाक्याची ओळख म्हणून सांगितली, आणि शाळांतून चालते ती बहुधा हीच: क्रियापद शोधा, सांपडलें तर वाक्य, नाहीं तर नाहीं. मराठीपुरतें बोलावयाचें तर ही खूण सर्वत्र उपयोगी पडत नाहीं. "उथळ पाण्याला खळखळाट फार", "अति तेथें माती", "नांव मोठें लक्षण खोटें", ह्या म्हणींत क्रियापद औषधालाहि नाहीं, तरी त्या ऐकून कोणी "मग पुढें काय?" असें विचारीत नाहीं. उलट "आई म्हणाली" ह्यांत कर्ता आहे, क्रियापद आहे, लिंग-वचनहि जुळलेलें आहे. आणि तरी ऐकणारा वाटच पाहत असतो. म्हणून घरीं मुलांस समजावून देतांना क्रियापदाच्या शोधापेक्षां आकांक्षेची कसोटी आम्हांस अधिक सोयीची वाटते. मुलाचें वाक्य मोठ्यानें वाचावें, थांबावें, आणि त्याच्याकडे पाहावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम होतें.

तथापि क्रियापदाचें माहात्म्य मराठींत मोठें आहे, आणि तें त्याच्या जागेमुळें. इंग्रजींत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येऊन मोकळें होतें. मराठींत तें सर्वांच्या शेवटीं येतें व येतांना साऱ्या जमाखर्चाची वही घेऊन येतें. "दादा काल पुण्यास" येथवर वाचून दादा गेला, जाणार होता, गेला असता, गेला नाहीं, कीं निघतां निघतां राहिला, ह्यांपैकीं कांहींच कळत नाहीं. काळ शेवटीं, होकार-नकार शेवटीं, खात्री किंवा शंका तीहि शेवटींच. मुलाचा हात तर नेमका शेवटींच दमतो! इंग्रजी मुलाचें वाक्य अर्धवट राहिलें तर त्याचें धड बहुधा कागदावर आलेलें असतें. मराठी मुलाचें राहिलें तर प्राणच मागें राहतो.

क्रियापद असें शेवटीं येऊन बसत असल्यामुळेंच आमच्या जुन्या लेखकांस विरामचिन्हांवांचून निभावतां आलें. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढी व तिला अक्षरें लटकावीत जाई. शब्द कोठें तुटला ह्याची खूण नाहीं, वाक्य कोठें संपलें ह्याचीहि नाहीं. आले, बोलिले, निघाले, हीं क्रियापदेंच वाचणाऱ्याच्या वाटेवरचे मैलाचे दगड होत. विरामचिन्हें मराठींत रुळलीं तीं इंग्रजी अमलांत, छापील पुस्तकांबरोबर. मेजर थॉमस कँडी ह्यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० चें आहे. म्हणजे आपला पूर्णविराम अजून दोनशें वर्षांचाहि झाला नाहीं. तेव्हां एकादें मूल अख्खें पान एका दमांत लिहून काढतें तेव्हां तें कांहीं मोठें पातक करीत नसून आपल्या पणज्याच्या पणज्याप्रमाणें लिहीत असतें, हें वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

अशा एका दमाच्या लेखनाचा मासला प्रत्येक घरीं सांपडेल. "आम्ही सकाळीं उठून आंघोळ करून डबा घेऊन बसमध्यें बसून सिंहगडावर गेलों आणि मग बाई म्हणाल्या रांगेत चला आणि मग आम्ही पिठलें-भाकरी खाल्ली आणि मग पाऊस आला आणि मग आम्ही घरीं आलों." ह्यांत अपुरें असें कांहींच नाहीं, फार झालें आहे. पुष्कळ शिक्षक येथें कात्री घेऊन बसतात आणि "आम्ही उठलों. आम्ही आंघोळ केली. आम्ही डबा घेतला." असे तुकडे करवितात. आम्हांस हें मान्य नाहीं. उठून, करून, घेऊन ही जी साखळी आहे ती मराठीचें वैभव होय. चार क्रिया एका कर्त्याच्या हातीं देऊन शेवटच्या क्रियापदावर उतरण्याची ही सोय मोडून टाकणें म्हणजे चांगल्या जरीच्या पदराच्या चिंध्या करणें. मुलास एवढेंच दाखवावें कीं ह्या साखळींतील सर्व क्रियांचा कर्ता बहुधा एकच असावा लागतो. "आई हाक मारून मी उठलों" हें चालत नाहीं, कारण हाक मारणारी निराळी आणि उठणारा निराळा. तेथें "आईनें हाक मारली तेव्हां मी उठलों" असें म्हणावें लागतें. करणारा बदलला कीं साखळी सोडावी आणि जमल्यास पूर्णविराम द्यावा, इतका नियम आठ वर्षांच्या मुलासहि पेलतो.

'आणि मग' ह्याची गोष्ट निराळी. हा शब्द मुलें आळसानें वापरतात असें म्हणतात. आमच्या मतें तीं तो घाईनें वापरतात. दोन गोष्टींचा संबंध काय हें सांगावयास थांबावें लागतें, आणि थांबलें तर गोष्ट हातची निसटेल अशी त्यांस धास्ती असते. प्रत्येक 'आणि मग' पाशीं बोट ठेवून विचारावें: पाऊस आला *म्हणून* घरीं आलां, पाऊस आला *तरी* भाकरी खाल्ली, कीं भाकरी *खातांना* पाऊस आला? मुलास ह्यांतील फरक उत्तम कळतो. तो लिहावा लागतो हें मात्र त्यास कोणीं सांगितलेलें नसतें.

शाळेंतील उत्तरपत्रिकांत एक निराळ्याच जातीचें पूर्ण वाक्य पैदा होतें. "पूर्ण वाक्यांत उत्तरें लिहा" ही आज्ञा आपणांपैकीं प्रत्येकानें पाळलेली आहे. "ससा शर्यत कां हरला?" ह्या प्रश्नास मूल "कारण तो झोपला" असें उत्तर देतें आणि अर्धा गुण घालवितें. मग त्यास युक्ति शिकविली जाते: प्रश्नांतील शब्द उचलावे, 'कां' गाळावें, शेवटीं कारण चिकटवावें. युक्ति इतकी हमखास कीं धडा न वाचतांहि निम्मीं उत्तरें लिहितां येतात! वास्तविक "कारण तो झोपला" हें संभाषणांत पूर्ण उत्तरच आहे. वाक्याचा अर्धा भाग प्रश्नानें आधींच उचललेला असतो. तें लेखनांत कां चालत नाहीं ह्याचें कारण मुलास सांगावयास हवें, व तें कारण गुणांचें नव्हे. प्रश्नपत्रिका हरवली तरी उत्तर कळलें पाहिजे, हें तें कारण. आम्हीं हा खेळ करून पाहिला आहे. एका मुलाचीं उत्तरें दुसऱ्याच्या हातीं द्यावीं आणि त्यावरून प्रश्न ओळखावयास सांगावें. "कारण तो झोपला" ह्यावर दुसरा कुंभकर्णापासून स्वतःच्या धाकट्या भावापर्यंत वाटेल त्याचें नांव घेतो. मूळ लेखकास मग आपलें वाक्य पुरें करण्याची घाई सुटते, ती कोणत्याहि शेऱ्यानें सुटत नाहीं. 'जो', 'जेव्हां', 'जरी' ह्यांनीं सुरू होऊन अर्ध्यावर राहिलेलीं वाक्यें ह्याच खेळानें बरीं होतात. 'जो' म्हटलें कीं 'तो', 'जरी' म्हटलें कीं 'तरी'. जोड्याचा एक पाय घालून कोणी घराबाहेर पडत नाहीं.

ह्या ओघांत मोबाईलवरील तुटक निरोपांस दोष देण्याची आजकाल चाल आहे. आम्हांस तीत फारसें तथ्य दिसत नाहीं. "निघालों", "पोंचलों", "दूध आण" हे निरोप संभाषणाचे तुकडे होत, आणि ज्यास ते पाठविले त्याला त्यांत कांहींच उणें वाटत नाहीं. आपल्याकडील तारेची सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तोंवर दर शब्दास पैसे मोजून माणसें अशींच बोलत होतीं, आणि तारेनें भाषा बुडाली असें म्हणणारा आम्हांस कोणी भेटला नाहीं.

मराठी वाक्यांत मुलांची खरी दमछाक होते ती भूतकाळांत. "मी आंबा खातों" असें बिनचूक लिहिणारें मूल काल खाल्लेल्या आंब्याविषयीं "मी आंबा खाल्लों" असें लिहून जातें. घरीं मराठी व शाळेंत इंग्रजी अशीं जीं वाढतात त्यांच्यांत तर हें फारच. सकर्मक क्रियापद भूतकाळीं कर्त्याची संगत सोडतें आणि कर्माच्या मागें लागतें: मीं आंबा खाल्ला, मीं पोळी खाल्ली, मीं केळें खाल्लें. हें कोठें उमजतें न उमजतें तोंच अपवादांची रांग उभी: मी पाणी प्यालों, मी धडा शिकलों, मी नांव विसरलों. "मी म्हणालों" शुद्ध, "मीं म्हटलें" शुद्ध, आणि दोहोंची मोट बांधून झालेलें "मी म्हटलों" मात्र अशुद्ध. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें, मोरो केशव दामल्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चें. मराठींत प्रयोग किती व कोणते ह्यावर ह्या मोठमोठ्या वैयाकरणांचें एकमत नाहीं. तेथें चौथींतील मुलास "इतकें साधें कळत नाहीं?" असें विचारणें न्यायाचें नव्हे. जुन्या लेखनांत ह्या कामीं एक लहानशी मदत होती. खाणारा 'मी' साधा. ज्यानें खाल्लें त्या 'मीं'वर टिंब. आतां तें टिंब गेलें, आणि मुलास दोन्ही 'मी' सारखेच दिसतात.

सोलापूर-लातूरकडील बोलण्यांत "मी काम केलों" असें ऐकूं येतें. ती तेथील बोलीची रीत आहे, आणि घरीं आजीशीं बोलतांना मुलानें ती सोडण्याचें कांहीं कारण नाहीं. पुस्तकी मराठींत हें वाक्य निराळ्या तऱ्हेनें लिहितात, एवढेंच सांगावें, आणि सांगतांना हंसूं नये. वर्गांत ज्याच्या बोलण्यास हंसलें जातें, तें मूल प्रयोग शिकत नाहीं. लहान लहान वाक्यें लिहूं लागतें, आणि मग तींहि लिहीनासें होतें.

ह्या प्रयोगाची आणखी एक बाजू आहे, जी व्याकरणाच्या तासाला कोणी दाखवीत नाहीं. क्रियापद कर्माशीं जुळलें म्हणजे कर्ता गाळला तरी व्याकरण हूं कीं चूं करीत नाहीं. "मीं दूध सांडलें" आणि "दूध सांडलें" ह्या दोहोंत क्रियापद तेंच. 'फुटली' आणि 'फोडली' ह्यांत एका स्वराचा व एका व्यंजनाचा फरक. पण काचेच्या तावदानाखालीं उभ्या असलेल्या मुलाला त्या फरकाची किंमत आपल्याहून अधिक ठाऊक असते. मोठीं माणसें तरी निराळें काय करितात? "कळविण्यांत येतें कीं", "कारवाई करण्यांत येईल", "निर्णय घेण्यांत आला": कोणीं कळविलें, कोण करणार, कोणीं घेतला? वाक्य पूर्ण, सही-शिक्का पूर्ण, आणि करणारा बेपत्ता.

आमच्या शेजारचा एक मुलगा संध्याकाळीं कधीं कधीं आमच्याकडे अभ्यासास बसतो. एकदां त्यानें वर्गशिक्षिकेस द्यावयाची एक चिठ्ठी आम्हांस दाखविली. "माझी वही. मधल्या सुट्टींत. खिडकींतून. चिखलांत." चार पूर्णविराम, आणि वाक्य एकहि नाहीं. ही चिठ्ठी एकदां शाळेंतून परत आलेली होती; खालीं तांबड्या शाईनें "वाक्यें पूर्ण लिही" असा शेरा होता. मुलगा हुशार आहे, गोष्टी चांगल्या लिहितो, म्हणून आम्हांस नवल वाटलें. आम्हीं विचारलें, "वहीचें काय झालें?" तो म्हणाला, "पडली." आम्हीं म्हटलें, "लिही बरें." त्यानें "पडली" लिहिलें, क्षणभर पाहिलें, मग स्वतःच खोडून "टाकली" केलें. आतां वाक्य झालें: "माझी वही मधल्या सुट्टींत खिडकींतून चिखलांत टाकली." कोणत्याहि परीक्षकानें पूर्ण गुण द्यावे असें तें होतें. पण पेन्सील खालीं ठेवून तो त्या वाक्याकडे पाहत बसला. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. वाक्यच विचारीत होतें. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "आजोबा, नांव लिहिलें तर उद्यां तो दप्तर टाकील."

ह्यावर आमच्यापाशीं व्याकरणाचें उत्तर नव्हतें. त्याच्या आईस बोलाविलें, ती दुसऱ्या दिवशीं शाळेंत गेली, तेथें काय बोलणें झालें तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें चिठ्ठी पुन्हां लिहिली, नांवासकट. पहिल्या चिठ्ठींत तुकडे पडले होते ते अज्ञानानें नव्हेत. जें वाक्य पुरें करतांच त्यांत दुसऱ्या मुलाचें नांव येणार, तें त्यानें मुद्दाम पुरें होऊं दिलें नव्हतें. आणि तांबड्या शाईस तें दिसलें नाहीं. मुलाचें वाक्य अडखळलें म्हणजे त्यास काय येत नाहीं एवढेंच न पाहतां, काय लिहिणें त्यास जड जात आहे हेंहि पाहावें, असें तेव्हांपासून आम्हांस फार वाटतें.

चुका दुरुस्त करण्याच्या रीतीविषयीं आमचीं मतें थोडकींच आहेत. पाठ्यपुस्तकांतील "पुढील वाक्यें शुद्ध करून लिहा" ह्या अभ्यासांवर आमचा भरंवसा नाहीं. तीं वाक्यें कोणाचींच नसतात, म्हणून तीं सुधारलीं काय आणि न सुधारलीं काय, मुलास सारखेंच. त्याहून उलटें श्रुतलेखन बरें. मुलानें सांगावें आणि मोठ्यानें लिहावें. मात्र तो जसें सांगेल तसेंच, अर्धवट तें अर्धवट आणि लांबलेलें तें लांबलेलें. मग तें तसेंच वाचून दाखवावें. आपलें वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकतांना मूल मध्येंच "थांबा, थांबा" म्हणून ओरडतें, तो आनंद पाहण्यासारखा असतो. एका वेळीं एकाच जातीची चूक धरावी. ह्या आठवड्यांत पूर्णविराम धरला असेल तर 'खाल्लों' कडे डोळेझांक करावी. तो कोठें पळून जात नाहीं.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांविषयीं एक शब्द. महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी सक्तीचें करणारा कायदा २०२० मध्यें झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोहोंचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु "माझ्याकडे दोन भाऊ आहेत" असें लिहिणाऱ्या मुलीस हे दोन भाऊ तिनें विकत आणले कीं काय असा प्रश्न विचारणारें कोणी तरी घरांतच असावें लागतें. तें काम कायद्याचें नव्हे. हीं मुलें क्रियापदहि आधींच वापरून मोकळीं होतात: "मी गेलों काल आजीकडे बाबांबरोबर सुट्टी होती म्हणून." क्रियापद पुढें खर्ची पडल्यावर वाक्यास थांबावयाची जागा राहत नाहीं, आणि तें शेपटासारखें वाढत जातें. "शेवटचा शब्द शेवटीं ठेव" एवढी सूचना केली कीं त्यांतील बरींच वाक्यें आपोआप सरळ होतात.

अशा मुलांस लिहावयास लावावें तें पत्र, आणि पत्रांतहि पोस्टकार्ड. हिंदुस्थानांत तें १८७९ मध्यें आलें, आणि पोस्टांत अजून मिळतें. त्यावर जागा बेताची, म्हणून भीति कमी. आणि वाचणारा खरा, म्हणून जबाबदारी अधिक. आमच्या परिचयाच्या एका घरची मुलगी दर महिन्यास कोंकणांतील आपल्या आजीला एक कार्ड टाकते. आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती नातीच्या वेलांट्यांकडे पाहत नाहीं, शाबासकीहि देत नाहीं. तिला जें कळलें नाहीं तेवढें उलट टपालीं विचारते. मागें मुलीनें लिहिलें होतें, "मांजरीला तीन पिलें झालीं. एक पांढरें आहे. बाबा म्हणाले घरांत ठेवायचें नाहीं. पण ठेवलें आहे." त्यावर आजीचें कार्ड आलें: "कोणीं ठेवलें? कोठें ठेवलें? दूध कोण घालतें?" नातीनें त्याच दिवशीं उत्तर धाडलें: "आजी, पांढरें पिलूं मीं माळ्यावर ठेवलें आहे. त्याला दूध मी घालतें. तूं बाबांना सांगूं नकोस." तिन्ही वाक्यें कर्त्यासकट पुरीं. कार्ड पेटींत टाकावयास तिनें बाबांच्याच हातीं दिलें.